गेटवे ऑफ इंडिया: राजा येऊन गेल्यावर बांधलेलं दार

कुलाबावासी (धागाकर्ता)

पंचम जॉर्ज आणि राणी मेरी गेटवेच्या कमानीखालून मुंबईत शिरले, असं ठामपणे सांगणारी माणसं मला सतत भेटतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले गाइडसुद्धा त्यात आले. २ डिसेंबर १९११ ला ही जोडी 'मेडिना' बोटीने आली आणि अपोलो बंदरावर उतरली, इथपर्यंत सगळं खरं. फक्त तेव्हा तिथे कमान नव्हती. स्वागतापुरता उभारलेला शोभेचा मंडप होता, तो नंतर काढून टाकला.

राजाराणी पुढे दिल्लीला गेले. १२ डिसेंबरला दरबार भरला, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला न्यायची घोषणा झाली, आणि जानेवारीत स्वारी मुंबईहूनच परतली. कमानीचा कोनशिला समारंभ झाला तो ३१ मार्च १९१३ ला, गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्ते. वास्तुविशारद जॉर्ज विटेटचा आराखडा पक्का झाला ऑगस्ट १९१४ मध्ये, म्हणजे तिकडे युरोपात महायुद्धाला तोंड फुटलं त्याच महिन्यात. मग समुद्र हटवण्याचं काम, पाया, आणि मग इमारत. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उद्घाटन केलं ४ डिसेंबर १९२४ ला.

तोवर तेरा वर्षं गेली होती. हिंदुस्थान वेगळा झाला होता आणि मुंबई तर फारच वेगळी झाली होती. उद्घाटनानंतर पुरती चोवीस वर्षंही झाली नाहीत, तोच २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, याच कमानीतून बाहेर पडली.

मला वाटतं, गेटवेवर जो अर्थ कोरून ठेवलाय तो त्या दगडाला कधी चिकटलाच नाही. राजाच्या आगमनाचं स्मारक म्हणून कुणी तिथे जात नाही. तरीही एखाद्या परदेशी माणसाला भारताचं एक चित्र दाखवायचं झालं तर ताजमहालानंतर बहुधा हीच कमान पुढे येते. हे कसं झालं? जाणकारांनी भर घालावी. "गुलामीचं चिन्ह, पाडून टाका" असं म्हणायचं असेल तर तेही म्हणा, पण जरा कारणांसकट.

---

चहाटळ

पाहुणे येऊन, जेवून, परत गेल्यावर तेरा वर्षांनी दार बसवलं. आणि आपण उगाच मेट्रोच्या कंत्राटदारांना नावं ठेवतो.

---

दगडमाती

चहाटळराव, विनोद बाजूला ठेवला तरी त्या तेरा वर्षांतली निम्मी वर्षं जमीन तयार करण्यात गेली, हे बघायला हवं. आज आपण ज्या फरसबंदीवर उभं राहून सेल्फी काढतो तिथे आधी बंदराचं पाणी होतं. १९१५ ते १९१९ या काळात भराव आणि समुद्राकडची भिंत हेच काम चाललं. पाया १९२० मध्ये पुरा झाला. म्हणजे कमान अशी प्रत्यक्ष उभी राहिली ती चारेक वर्षांतच. भर समुद्राच्या तोंडावर, भरतीओहोटी सांभाळून, त्या काळच्या साधनांनी. याला मी दिरंगाई म्हणणार नाही.

आता बांधकामाबद्दल. बाहेरून दिसतो तो पिवळसर दगड मालाडकडच्या खारोडीचा. पण नुसता दगडावर दगड रचलेला नाही, सलोह काँक्रीटही वापरलंय. १९२० च्या सुमारास आपल्याकडे हे तंत्र नवंच होतं. जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्या. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट, जमिनीपासून सर्वांत उंच भाग ८३ फूट. चार कोपऱ्यांना चार बुरुजवजा मिनार. मधल्या कमानीच्या दोन्ही अंगांना मोठी दालनं आहेत, प्रत्येकात सहाशे माणसं मावतील एवढी. गर्दीत ती कुणाच्या लक्षातच येत नाहीत, लोक मधल्या कमानीचा फोटो काढतात आणि लाँचच्या रांगेकडे पळतात.

प्रतीक म्हणून बघायचं तर दोन गोष्टी एकमेकींवर बसवल्यात. सांगाडा रोमन विजयकमानीचा. अंगावरची वस्त्रं मात्र गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या सुलतानी वास्तूंची: टोकदार कमानी, जाळ्या, छज्ज्यांना आधार देणारे कोरीव हस्त. विटेटला हे मिश्रण चांगलं जमायचं. काळा घोड्याजवळचं वस्तुसंग्रहालयही त्याचंच, त्याचा घुमट बघून विजापूर आठवतं. पण हा नुसता आवडीनिवडीचा मामला नव्हता. १८५७ नंतर इंग्रजांना स्वतःला मुघलांचे वारस म्हणून मिरवायचं होतं. दिल्लीला दरबार भरवायचा तो त्यासाठीच, आणि सरकारी इमारतींना घुमट-मिनार चढवायचे तेही त्यासाठीच. रोमन कमान म्हणते, "आम्ही जिंकलंय." गुजराती जाळी म्हणते, "पण आम्ही इथलेच आहोत हो." दोन्ही वाक्यं एकदम बोलायला गेलं की जे होतं ते गेटवे.

मला स्वतःला ती इमारत सुंदर वाटते. समुद्राकडून जास्त. शहराकडून बघताना ती जरा ठेंगणी आणि अवघडलेली दिसते, आणि त्याचं कारण विटेट नाही.

---

अपर्णा_क

@दगडमाती, शेवटचं वाक्य अर्धवट सोडलंत. कारण काय मग? मला लहानपणापासून वाटत आलंय की गेटवे रस्त्याशी काहीतरी तिरका आहे. घरी म्हटलं की सगळे हसायचे.

---

दगडमाती

तिरकाच आहे, ताई. मूळ कल्पनेत कमानीसमोरून शहरात जाणारा एक भव्य सरळ रस्ता होता. बोटीतून उतरायचं, कमानीतून यायचं आणि समोर सरळसोट राजमार्ग. तो झालाच नाही. पैसे संपले. सगळा खर्च २१ लाखांच्या घरात गेला, त्यातला मोठा वाटा भारत सरकारच्या तिजोरीतून आला, म्हणजे शेवटी इथल्याच करातून. रस्त्याला पैसे उरले नाहीत. त्यामुळे आजचा रस्ता येतो तो कमानीला कोनात येऊन भिडतो. समुद्राकडे तोंड करून बरोबर मांडलेली आणि शहराकडे पाठ वाकडी, अशी तिची अवस्था आहे.

पुढच्या वेळी रीगल सिनेमाकडून चालत या आणि कमान पूर्ण समोरासमोर कधी दिसते ते बघा. जवळजवळ पोचेपर्यंत नाही दिसत.

---

रांगडागडी

कारणांसकट म्हणायला सांगितलंय म्हणून म्हणतो. आपल्या करातून २१ लाख, तेही १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मुंबईत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली त्या दशकात. कशासाठी, तर एक परका राजा एकदा बोटीतून उतरला म्हणून. आणि त्या दगडावर अजून त्याचंच नाव. जगातल्या कुठल्या स्वाभिमानी देशाने हे ठेवलं असतं? पाडा असं मी म्हणत नाही, पण "राष्ट्रीय स्मारक" म्हणून डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. तिथे राष्ट्रीय काही असेल तर समोरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा. बाकी सगळं साहेबाचं.

---

कुलाबावासी

रांगडागडी, पुतळ्याचा मुद्दा काढलात ते बरं केलंत. तो पुतळा तिथे कसा आला हेच या कमानीच्या गोष्टीतलं मोठं वळण आहे.

आज महाराज जिथे आहेत तिथे आधी खुद्द पंचम जॉर्जचा ब्राँझचा पुतळा होता. आणि तो घडवणारे होते आपले रावबहादूर गणपतराव म्हात्रे, 'मंदिरपथगामिनी' या शिल्पाचे शिल्पकार. म्हणजे राजा परका, पण हात मराठी. शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं २६ जानेवारी १९६१ ला. तारखेकडे नीट बघा. प्रजासत्ताक दिन तर आहेच, शिवाय १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. मुंबई कुणाची, यावर एकशेपाचांहून जास्त माणसं गेली होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री. अशा वेळी नव्या राज्याने राजधानीच्या दारात आपली मोहर उठवली. कमानीला हात न लावता.

हे मला फार हुशारीचं वाटतं. पाडापाडी केली असती तर एक मोकळी जागा मिळाली असती. इथे काय झालं, तर राजासाठी बांधलेलं दार राहिलं आणि दारात यजमान म्हणून दुसराच माणूस उभा राहिला. त्यानंतर कमानीवरचा मजकूर वाचायची कुणाला गरज उरली नाही.

शहरातल्या बाकीच्या इंग्रजी पुतळ्यांचं असं झालं नाही. १९६५ मध्ये बरेच हलवले गेले, काळा घोडा चौकातला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा राणीच्या बागेत गेला. गंमत म्हणजे लोकांना राजा नको होता पण घोडा हवा होता, म्हणून २०१७ मध्ये बिनस्वाराचा नवा काळा घोडा परत बसवला.

---

इतिहासवेडी

धागा वाचनखुणेत साठवला. रांगडागडींचा राग समजतो, पण "बाकी सगळं साहेबाचं" हे मला मान्य नाही. त्या बंदरावर साहेबाला न परवडणाऱ्या बऱ्याच गोष्टी घडल्या. थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ९ जानेवारी १९१५ ची. गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून कायमचे परतले ते 'अरेबिया' बोटीने, आणि उतरले अपोलो बंदरावर. तिथे उतरायचा मान राजघराण्यातली माणसं, व्हाइसरॉय, फार तर गव्हर्नर यांचा. साधे उतारू दुसरीकडे. गांधीजींसाठी मुंबईच्या पुढाऱ्यांनी खास परवानगी मिळवली. काठेवाडी अंगरखा आणि पागोटं घालून ते उतरले. गोखले आजारी असतानाही त्यांना भेटायला पुण्याहून मुंबईला आले, आणि पुढच्याच महिन्यात गेले. म्हणजे बघा, ज्या जागी राजाच्या आगमनाची कमान उठायची होती, त्या जागी कमान उठायच्या आधीच दुसरं एक आगमन होऊन गेलं. आज ९ जानेवारीला आपण प्रवासी भारतीय दिवस करतो. २ डिसेंबर कुणाच्या लक्षात आहे?

दुसरी १९२० ची. पाया भरून झाला त्याच वर्षी, १ ऑगस्टला, सरदारगृहात टिळक गेले. गिरगाव चौपाटीवर लाखो माणसं लोटली. शहराच्या एका किनाऱ्यावर साम्राज्याचा पाया भरला जात होता आणि दुसऱ्या किनाऱ्यावर हे चाललं होतं.

तिसरी जास्त कडू आहे. १७ नोव्हेंबर १९२१ ला युवराज एडवर्ड अपोलो बंदरावर उतरला. अर्धवट बांधलेल्या कमानीच्या शेजारी. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. गांधीजी परळला गिरणीच्या आवारात परदेशी कापडाच्या होळीपाशी होते. नंतर स्वागताला गेलेल्यांवर जमाव तुटून पडले, पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन लोकांना मारहाण झाली, त्यांनीही उलटून हल्ले केले, गोळीबार झाला. काही दिवसांत पन्नासहून जास्त माणसं मेली. गांधीजींनी उपास धरला. आपल्या बाजूची ही गोष्टही त्या बंदराच्या हिशेबात धरावी लागते, गाळून चालणार नाही.

चौथी फेब्रुवारी १९४६ ची, नाविकांच्या उठावाची. १८ तारखेला कुलाब्याच्या 'तलवार' या आरमाराच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षणतळावर खलाशांनी अन्न नाकारून संप सुरू केला. बघता बघता बंदरातल्या जहाजांवर तो पसरला, युनियन जॅक उतरले. किनाऱ्यावर पलटणी आणून खलाशांची कोंडी केली, त्यांचं अन्न तोडलं. तेव्हा सामान्य मुंबईकर गेटवेपाशी शिधा घेऊन जमले. पुड्या, फळं, दूध, पाव. दुकानदार पैसे घेईनात. तिथे पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनीही डोळेझाक केली, होड्यांमधून सगळं जहाजांपर्यंत गेलं. पुढे शहरात संप, गोळीबार, दोनशेहून जास्त मृत्यू. त्यात गिरणी कामगार, पोरंटोरंही होती. २३ तारखेला उठाव मागे घेतला गेला.

माझ्यासाठी गेटवे म्हणजे तो शिधा. राजाचं नाव कोरलेल्या कमानीखाली राजाच्या आरमाराविरुद्ध उठलेल्या पोरांना जेवू घालणारी माणसं. याहून राष्ट्रीय काय असतं?

---

रांगडागडी

@इतिहासवेडी, ४६ चं शिध्याचं ठाऊक नव्हतं. मानलं. पण मग माझा प्रश्न उलट जास्त टोकदार होतो. यातलं तिथे काय दिसतं? कमानीच्या माथ्यावर जॉर्ज आणि मेरी. शिध्याची गोष्ट एका धाग्यात.

---

चहाटळ

पाटी लावली तर तिच्यासमोर उभं राहून कोण वाचणार? तिथे सगळे पाठ करून उभे असतात. कॅमेऱ्याकडे तोंड, कमानीकडे पाठ.

---

पॅरिसवासी मराठी

इकडेही हीच कथा आहे म्हणून लिहितो. आर्क द त्रिओंफ ही इथली विजयकमान बांधायला नेपोलियनने १८०६ मध्ये सांगितली, स्वतःच्या सैन्याच्या गौरवासाठी. पूर्ण झाली १८३६ मध्ये. तोवर त्याचं साम्राज्य गेलं होतं, तो हद्दपारीत १८२१ मध्ये मेलाही होता. १८४० मध्ये त्याच्या अस्थी परत आणल्या तेव्हा काय तो तिच्याखालून गेला. आणि आज लोक तिथे जातात ते नेपोलियनसाठी नव्हे, तर पहिल्या महायुद्धातल्या अज्ञात सैनिकासाठी. त्याची ज्योत १९२३ पासून रोज संध्याकाळी चेतवतात. १९४० मध्ये त्याच कमानीपाशी जर्मन सैन्य मिरवलं, १९४४ मध्ये फ्रेंच.

विजयकमानींचं असंच असावं. बांधून होईस्तोवर विजय शिळा होतो.

फरक एवढाच की इथल्या कमानीला बारा रस्ते येऊन मिळतात. विटेटला एकही मिळाला नाही. :)

---

मांडवाकर

सगळे विद्वान बोलून झाले असतील तर आमच्यासारख्यांचं ऐका.

आम्ही अलिबागकडचे. आमच्यासाठी गेटवे हा एसटी स्टँड आहे. शाळकरी असताना वडिलांबरोबर मांडव्याच्या लाँचने यायचं, धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असायचं, "हात धर, हात धर" करत वर यायचं, आणि मान वर करून कमान बघायची ती फक्त पहिल्यांदा. नंतर कोण बघतो! वडिलांचं लक्ष परतीच्या शेवटच्या लाँचकडे. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणजे आमच्यासाठी गेटवेही बंद. मग पेणवरून वळसा. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, गाडी घेऊन जाणाऱ्यांची सोय झाली, पण पायी उतारू अजून गेटवेच धरतो.

तेव्हा राजाचं राहू द्या. त्या कमानीपाशी समुद्रातून मुंबईत उतरणारे खरे लोक आम्ही आहोत. पिशवीत वालाच्या शेंगा, पांढऱ्या कांद्याच्या माळा, कुणाकडे के.ई.एम. हॉस्पिटलचे कागद. इंग्रज येण्याआधी तो धक्का कोळ्यांचा होता, साहेबाने तो नटवून गव्हर्नरांसाठी घेतला. आता परत आमच्याकडे आलाय.

आणि रेडिओ क्लबजवळच्या नव्या जेट्टीवरून जो वाद चाललाय त्यात दोन्ही बाजूंना एक विनंती: वारशाचं बोला, गर्दीचं बोला, पण भर उन्हात पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना सावली कुठे देणार तेही बोला.

---

अपर्णा_क

@मांडवाकर, दंडवत. हा प्रतिसाद वर पिन करा कुणीतरी.

एक शंका: सगळे "राष्ट्रीय स्मारक" म्हणतोय, पण कागदोपत्री गेटवे कुणाच्या ताब्यात आहे? पुरातत्त्व खातं ना?

---

दगडमाती

पुरातत्त्व खातं खरं, पण राज्याचं. २०२३ मध्ये लोकसभेत यावर प्रश्न आला होता. केंद्राने उत्तर दिलं की गेटवे हे केंद्र-संरक्षित स्मारक नाही, महाराष्ट्राच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. म्हणजे देशाची ओळख म्हणून जगभर फिरणारी ही इमारत केंद्राच्या यादीत नाहीच.

त्याच वेळी पृष्ठभागावर काही तडे गेल्याचं आणि घुमटाकडे झाडं उगवल्याचं तपासणीत पुढे आलं होतं. एकूण इमारत सुस्थितीत होती, आणि दुरुस्तीसाठी सुमारे नऊ कोटींचा आराखडा राज्याने मंजूर केला. झाडं हा दगडी इमारतीचा खरा शत्रू. वडा-पिंपळाचं रोप सांध्यात शिरलं की वरून छाटून उपयोग नसतो, मूळ आत सरकतच राहतं. त्यात खारा वारा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा कमानीसमोरच्या भिंतीचे कठडे आणि फरशा लाटांनी उखडल्या होत्या, कमानीला काही झालं नाही. १९१५ चा भराव घालणाऱ्यांना त्याचं श्रेय द्यायला हवं.

---

निवांतपणे

विषय निघालाच आहे तर: ताज हॉटेल चुकून उलटं बांधलं, दर्शनी बाजू मागे गेली, आणि ते पाहून इंग्रज वास्तुविशारदाने जीव दिला, यात तथ्य आहे का? टॅक्सीवाल्याने शपथेवर सांगितलं.

---

कुलाबावासी

नाही. टॅक्सीवाल्याने दिलेली शपथ मात्र खरी असेल.

ताजचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरं होण्याआधी वारले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्सने ते पूर्ण केलं. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. गाड्या येण्याजाण्याची बाजू शहराकडे आणि खोल्या समुद्राकडे, हे मुद्दाम केलेलं होतं. पाहुण्यांना खाडीचा वारा हवा होता, घोड्यांची लीद नव्हे.

पण या धाग्याशी संबंधित मुद्दा वेगळाच आहे. १९०३ ते १९२४ अशी एकवीस वर्षं बोटीतून येणाऱ्याला आधी दिसायचा तो ताज. म्हणजे एका पारशी उद्योगपतीने स्वतःच्या पैशाने बांधलेलं, मराठी वास्तुविशारदाने आखलेलं हॉटेल. सरकारी कमान नंतर येऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली, आणि उंचीत मार खाल्ला. आज पोस्टकार्डावर दोघं एकत्रच असतात, पण नजर घुमटावर जाते ती ताजच्या.

२६ नोव्हेंबर २००८ च्या त्या तीन दिवसांत हा सगळा चौक बातम्यांमध्ये दिसत राहिला. त्याआधी २५ ऑगस्ट २००३ ला गेटवेसमोरच टॅक्सीत स्फोट झाला होता, तो लोक विसरलेत. आता कमानीकडे जाताना बॅगा तपासतात, त्याचं मूळ तिथे आहे. त्यावर जास्त लिहीत नाही, वेगळा धागा होईल.

---

इतिहासवेडी

सॉमरसेटवाल्यांच्या शेवटच्या दिवसाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मीच. २८ फेब्रुवारी १९४८ चा तो समारंभ "हाकलून दिलं" छापाचा अजिबात नव्हता. भारतीय पलटणींनी मानवंदना दिली. निरोपाची भेट म्हणून त्यांना दिली ती गेटवेचीच चांदीची प्रतिकृती. ब्रिटिश तुकड्या मुंबईहून जायला लागल्या होत्या १७ ऑगस्ट १९४७ पासूनच, ही शेवटची.

आणि त्या दिवशी गांधीजींची हत्या होऊन महिनाही उलटला नव्हता. १९१५ मध्ये त्याच बंदरावर उतरलेला माणूस.

बाय द वे, माउंटबॅटन आला विमानाने आणि गेलाही विमानाने. शेवटच्या व्हाइसरॉयला या दाराची गरजच पडली नाही.

---

रांगडागडी

चांदीची प्रतिकृती? दीडदोनशे वर्षं राज्य केल्यावर वर भेटवस्तू? आपण फारच चांगले लोक आहोत.

---

इतिहासवेडी

मला त्यात चांगुलपणापेक्षा थोडा खट्याळपणा दिसतो. "तुमचं दार, घ्या, जाताना घेऊन जा. मोठं आम्ही ठेवतो." अर्थात हे माझं वाचन. त्या समारंभातल्या सेनाधिकाऱ्यांच्या मनात बहुधा सैनिकी बिरादरीच असणार. दोन्हीकडचे शिपाई दोन महायुद्धं एकत्र लढले होते, त्यांना एकमेकांबद्दल राग नव्हता. राग राज्याबद्दल होता.

---

पॅरिसवासी मराठी

@रांगडागडी, दिल्लीला बघा काय केलं ते. इंडिया गेटजवळच्या छत्रीतून पंचम जॉर्ज १९६८ मध्ये काढला, कोरोनेशन पार्कात नेऊन ठेवला. मग छत्री अर्धं शतक रिकामी. २०२२ मध्ये तिथे नेताजी आले. मुंबईने हेच काम १९६१ मध्ये उरकलं होतं, आणि बदली कोण यावर फार चर्चाही करावी लागली नाही.

---

रांगडागडी

ते बाकी खरं. आमच्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर आधीपासून तयार होतं.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. जॉर्ज-मेरीची अक्षरं खरवडू नका, राहू देत. पण ४६ च्या उठावाबद्दल, शिध्याबद्दल, तिथे मराठीत, ठळक, सहज दिसेल असं काहीतरी हवं. चहाटळ म्हणतो कुणी वाचणार नाही. दहातला एक वाचेल. तो एक पुरे.

---

दगडमाती

फक्त मूळ दगडाला भोकं पाडून पाटी ठोकू नका, एवढी विनंती. समोरच्या बागेत स्वतंत्र शिळा उभी करा. खारोडीचा तसला दगड आता मिळणं अवघड आहे.

---

मांडवाकर

बागेत नको. लाँचच्या रांगेशेजारी लावा. आम्हाला तासभर दुसरं वाचायला काही नसतं.

---

अपर्णा_क

या सोमवारी सुट्टी आहे, मुलांना घेऊन जाणार आहे. कमान, मग घारापुरी असा बेत. रीगलकडूनच चालत येईन, तिरकेपणा दाखवायला. घरचे हसायचे ते सगळे बरोबर असणार आहेत.

---

मांडवाकर

ताई, सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. मंगळवारी जा, आणि पहिली लाँच धरा.